वाचकांचे प्रश्न : ड्रेस्डेनच्या चर्चमधले काळे दगड

प्रश्न : जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शे चर्चच्या भिंतींवर मधूनमधून काळे दगड दिसतात. ते बॉम्बहल्ल्यात जळालेले आहेत का? आणि १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री हल्ला झाला, तर चर्च १५ तारखेला का कोसळलं?

उत्तर : १९४५ मध्ये कोसळलेलं हे चर्च पुढे जुन्या आणि नव्या दगडांनी पुन्हा बांधलं, त्यातले काळे दगड जुने आहेत. पण काळेपणा आगीच्या माथी मारू नका. युद्धाआधीच्या छायाचित्रांतही ही इमारत काळवंडलेलीच दिसते. एल्ब नदीकाठच्या डोंगरातला हा वालुकाश्म ताजा कापला की पिवळसर असतो. पुढे उघड्यावर धूळ, काजळी आणि दगडातलं लोह मिळून तो काळा पडतो. नव्या दगडांचंही तेच होणार. त्यामुळे आजचा हा ठिगळांसारखा देखावा कायमचा नाही.

कोसळण्याचं मूळ मात्र घुमटात आहे. शहराचे सुतारप्रमुख गेओर्ग बेअर यांनी १७२६ मध्ये काम सुरू केलं. आधी लाकडी सांगाड्यावर तांब्याचा पत्रा ठोकायचा विचार होता. शेवटी अख्खा घुमटच दगडी झाला. वजन सुमारे १२,००० टन! हा भार आतले खांब आणि बाहेरच्या भिंती यांना जोडणाऱ्या आडव्या भिंतींमधून बाहेरच्या भिंतींवर पसरेल असा बेअर यांचा हिशेब होता. तो पुरता जमला नाही. आतल्या आठ खांबांवर वाजवीपेक्षा जास्त भार आला आणि भेगांची डागडुजी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली.

अशा खांबांना १९४५ मध्ये आग भिडली. खिडक्यांतून आत शिरलेल्या आगीने लाकडी सज्जे आणि बाकं पेटली. वालुकाश्मात मुख्यतः क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) असतं आणि ५७३ अंश सेल्सियसला त्याचे स्फटिक एकाएकी फुगतात. दगडाच्या ढलप्या उडतात, खांब बारीक होत जातो, वरचं ओझं मात्र तेवढंच. म्हणून इमारत रात्रभर तगली, पुढचा दिवसही तगली आणि १५ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास खाली आली.

पुनर्बांधणीत (१९९४ ते २००५) ढिगारा दगडागणिक नोंदवून उचलला. दगड ढिगात कुठे सापडला यावरून तो मूळचा कुठला, याचा अंदाज बांधता आला. सुमारे ३,८०० जुने दगड पुन्हा बसवले. वेदीही जवळपास २,००० तुकडे जुळवून उभी केली आहे. बेअर यांचा आकार जपला, पण त्यांची चूक गिरवली नाही : खांबांना मजबूत दगड वापरला, सांधे बारीक ठेवले आणि घुमटाच्या रेट्याने भिंती बाहेर ढकलल्या जाऊ नयेत म्हणून पोलादी कड्यांनी आवळल्या. आमच्या मते या कामातला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

प्रश्न : हे चर्च आतून नाट्यगृहासारखं का वाटतं?

उत्तर : कारण ते प्रवचन ऐकण्यासाठी बांधलं आहे. ल्यूथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) उपासनेत बायबलचं वचन कानावर पडणं महत्त्वाचं. म्हणून लांबट दालनाऐवजी जवळजवळ गोल सभागृह, भोवती एकावर एक सज्जे आणि मंडळीच्या नजरेसमोर प्रवचनपीठ, वेदी व त्यावर ऑर्गन. यात शहराचा थोडा हट्टही होता. ड्रेस्डेन ज्याची राजधानी त्या सॅक्सनीचा शासक ऑगस्टस पोलंडच्या गादीसाठी १६९७ मध्ये कॅथलिक झाला, प्रजा ल्यूथरनच राहिली. हे चर्च नगरपरिषदेने बांधलं, दरबाराने नव्हे. दरबाराच्या कॅथलिक चर्चचं काम जवळच १७३९ मध्ये सुरू झालं.

प्रश्न : घुमटावर जाता येतं का?

उत्तर : येतं, तिकीट काढून. सुरुवातीला लिफ्ट, मग घुमटाच्या दोन कवचांमधून गोल फिरत जाणारा चढ आणि शेवटी अरुंद, खडा जिना. वरची गच्ची ६७ मीटरवर आहे. चढावर पायऱ्या नाहीत, म्हणून सोपा समजून भरभर जाऊ नका. दम शेवटच्या जिन्यासाठी राखा.