ज्याचं मूल लहान, त्याचं घड्याळ

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप परवा रात्री साडेअकराला आला. ‘दादा, सायकल विकायला काढलीय, चांगलं गिऱ्हाईक असेल तर सांगा.’ खाली फोटो. गॅलरीत, कपड्यांच्या दांडीखाली उभी केलेली सायकल, मागच्या चाकात हवा नाही, चेनवर पावसाळ्यातला तांबूस गंज, आणि सीटवर वाळत घातलेली दोन दुपटी. तो फोटो मी बराच वेळ बघत होतो. गिऱ्हाईक काही शोधलं नाही. फोनवर हे सगळं धड बोलता येणार नाही, म्हणून पत्र लिहितोय.

सायकल विकू नकोस.

तुला वाटतंय की घर आणि आपली टेकडीवरची रविवारची सायकल राइड यांतलं एक काहीतरी सोडायला हवं, आणि माणूस चांगला असेल तर तो टेकडीच सोडणार. तसं नाही. बाळ झाल्यापासून तू तीनदा आलास. तिन्ही वेळा पहाटे घरात कुणाला न सांगता, कडी हळूच लावून निघालास, हे तूच बोलता बोलता सांगितलंस. तिन्ही वेळा टेकडीवरच्या वेताळाच्या देवळापाशी आम्ही चहाचा थर्मास काढला आणि तू फोन काढलास. मन घरी, पाय पेडलवर. उतारावर असा माणूस पडतो. हे मी पडलोय म्हणून सांगतोय.

माझी लेक आता अकरावीत आहे. ती आठ महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. पहाटे निघायचं ठरलेलं, घरी सांगितलेलं नाही. रात्री साडेबाराला मी पॅसेजमध्ये सायकल उलटी केली आणि चेनला तेल मारायला घेतलं. कुणी उठू नये म्हणून दिवा लावला नाही. हातात स्प्रेचा डबा. चेनवर मारला, आणि त्याचा फवारा मागच्या ब्रेकच्या डिस्कवरही, म्हणजे चकतीवरही, बसला, ते अंधारात दिसलंच नाही. सकाळी पाषाणच्या अंगाला उतरताना मागचा ब्रेक दाबला तर नुसती किंकाळी, पकड शून्य. घाबरून पुढचा जोरात दाबला, मुरमावर पुढचं चाक सरकलं, आणि मी गिरिपुष्पाच्या झाडीत आडवा. गळ्याखालचं हाड मोडलं. आपल्यातल्या डॉक्टरने जागेवरच स्पेअर ट्यूब माझ्या गळ्यात अडकवून तिच्यात हात टांगला. बँकवाल्याने दोन सायकली दोन हातांनी ढकलत खाली आणल्या.

सहा आठवडे मला लेकीला उचलून घेता आलं नाही. आंघोळ, मालीश, रात्रीचं फिरवणं, सगळं तुझ्या वहिनीवर पडलं. शेवटी साताऱ्याहून सासूबाई आल्या. वहिनी चिडली नाही. एवढंच म्हणाली, ‘सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं. आणि दिवा तरी लावला असतास.’ ते वाक्य माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही. म्हणून सांगतो, वेळ चोरू नकोस, मागून घे. दिवा लावून सायकल दुरुस्त कर.

आता मागायचा कसा. ‘रविवारी जाऊन येतो’ असं मोघम सांगू नकोस. घरातल्या माणसाला त्या ‘येतो’चाच त्रास असतो. बुधवारी किंवा गुरुवारी सांग: रविवारी पावणेसहाला टेकडीवर, एआरएआय या संस्थेच्या चढावर भेटणार, सात वाजता जिथे असू तिथून मागे फिरणार, आठला घरात. आणि आठला घरात म्हणजे आठला. पंक्चर झालं तर रिक्षा कर, पण आठला ये. बाळाच्या आंघोळीचं पाणी तू काढ. दोन महिने हे नेमाने झालं की बघ, तुला विचारावं लागणार नाही. शनिवारी रात्री तुझी बायकोच विचारेल, उद्या जायचंय ना? आणि तिचीही एक सकाळ असू दे. पोहायला जायचं असेल, मैत्रिणीकडे जायचं असेल, नाहीतर दार लावून नुसतं झोपायचं असेल. ती सकाळ तू तुझ्या राइडचा मोबदला म्हणून देऊ नकोस. तिचा दिवस तिचा आहे.

तू नवा आहेस म्हणून कदाचित तुला ठाऊक नसेल, आपल्या पाच जणांत एक नियम आहे. ज्याचं मूल सगळ्यात लहान, त्याच्या घड्याळावर राइड चालते. कुठवर जायचं हे आपण ठरवत नाही, मागे कधी फिरायचं हे ठरवतो. माझी लेक लहान होती तेव्हा ही सगळी मंडळी सिंहगडाचा पायथा डोळ्यांसमोर दिसत असताना माझ्यासाठी खडकवासल्यावरून मागे वळलेली आहेत. एकानेही तोंड वाकडं केलं नाही. मग डॉक्टरला जुळे झाले, तेव्हा दोन वर्षं आपण हनुमान टेकडीच्या पलीकडे गेलोच नाही. आता घड्याळ तुझं. ते आमच्यावर ओझं आहे असं तुला वाटत असेल, म्हणून तू गप्प राहून बाजूला होतोयस. तसं करू नकोस. माझं हाड मोडलं होतं तेव्हा हेच लोक आळीपाळीने येऊन आमचा सिलिंडर तीन जिने वर चढवून द्यायचे. टेकडीवरची दोस्ती जिना चढून घरात आली की मग सायकल घराला परकी वाटत नाही.

दुसरं, झोप. तुझी झोप सध्या तुकड्यातुकड्यांत आहे. अर्धवट झोपेत चढ चढता येतो, उतार मात्र उतरू नये. ज्या दिवशी रात्री तीनदा उठलास, त्या दिवशी उताराच्या तोंडाशी खाली उतर आणि सायकल हातात घेऊन चाल. आत्ता पावसाळा संपत आलाय, दगडांवर शेवाळ आहे. आणखी महिन्याभरात वरचा मुरूम सुटा होईल आणि बारीक छऱ्यांसारखा चाकाखालून पळेल. सकाळी फिरायला येणारी आजी-आजोबा मंडळी दिसली की थांब, घंटी वाजव, त्यांना आधी जाऊ दे. टेकडी त्यांची आपल्याआधीपासून आहे.

आता मला जे खरं सांगायचंय ते. राइड ही या छंदाची अर्धीच बाजू. उरलेली अर्धी घरात बसून करता येते, आणि तुझ्या आत्ताच्या दिवसांत तीच तुला तारेल.

डोंगरावर सायकल चालवायचा हा खेळच दुरुस्तीतून जन्मलाय. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या परिसरात, सत्तरच्या दशकात काही पोरं 1930-40 च्या काळातल्या जुन्या जाडजूड सायकली भंगारातून आणून डोंगरावरून सोडायची. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, उलटं पेडल मारायचा ब्रेक. दोन मैलांच्या आसपास अंतरात तेराशे फूट खाली यायचं, म्हणजे हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. प्रत्येक उतारानंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या वाटेचं नावच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरणं’, पडलं. तिथली पहिली शर्यत 21 ऑक्टोबर 1976 ची. पुढच्याच वर्षी जो ब्रीझने डोंगरासाठी म्हणून मुद्दाम नवी फ्रेम बांधली. म्हणजे ज्यांनी ही सायकल घडवली त्यांचे हात आधी वर्षानुवर्षं ग्रीसमध्ये होते. तू रात्री बाळ झोपल्यावर फोनवर कार्बनचं हँडल आणि नवे फोर्क बघत बसतोस, हे मला माहीत आहे. ग्रुपवर लिंका टाकतोस. राइड झाली नाही की माणूस पार्ट विकत घेतो. त्या हँडलचे पैसे बाळासाठी लागतील. तो फोन बाजूला ठेव आणि तीच वीस मिनिटं सायकलीला दे.

सुरुवात चेनपासून कर. बारा इंची पट्टी घे. चेन ताणलेली असताना एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेव. बरोबर बारा इंचांवर दुसऱ्या पिनेचा मध्य आला पाहिजे. तो अर्धं सूत पुढे गेला असेल तर चेन बदल. एक सूत गेला असेल तर चेनने कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या गियरच्या चकत्यांचे, दातही खाल्लेले असतात, दोन्ही बदलावी लागतात. चेन स्वस्त असते, कॅसेट महाग. अर्ध्या सुतावर लक्ष ठेवणारा माणूस कितीतरी पैसे वाचवतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे तुला कुणी शिकवलं नसेल. मला ते सदाशिव पेठेतल्या एका सायकलवाल्याने शिकवलं. लहानपणी आम्ही त्याच्याकडून तासावर भाड्याने सायकल न्यायचो. पैसे नसले की मी नुसता बघत बसायचो. तो चाक उलट्या सायकलीवर फिरवायचा, खडूचा तुकडा रिमजवळ धरायचा, ज्या बाजूला खडू घासेल त्या बाजूची तिथली तार पाव आटा सैल करायचा आणि समोरच्या बाजूची पाव आटा आवळायचा. चाक असं सरळ करण्याला तो ‘आउट काढणं’ म्हणायचा. एका वेळी पाव आट्याच्या वर हात जाऊ द्यायचा नाही. ‘चाकाला घाई कळत नाही,’ असं म्हणायचा.

तू तुझ्या चाकाला तसंच कर. खडूऐवजी फ्रेमला एक केबल टाय बांध, तिचं टोक रिमच्या अगदी जवळ येऊ दे, आणि चाक हळू फिरव. स्पोकचा पाना शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. पहिल्या दिवशी एकच जागा सरळ होईल. तेवढं पुरे. बाळ रडलं की पाना खाली ठेवून उठ, कारण आउट उद्याही तिथेच असणार आहे. या कामाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. राइड अर्धवट सोडता येत नाही, दुरुस्ती सोडता येते.

तेल आता कधीही स्प्रेने मारू नकोस. थेंबाची बाटली घे, चेनच्या खालच्या फेरीवर एकेका रोलरवर एकेक थेंब, पेडल उलटं फिरवत. दहा मिनिटांनी जुन्या बनियनच्या चिंधीने बाहेरचं सगळं पुसून काढ. तेल आत हवं, बाहेर राहिलं तर धूळ धरतं. डिस्कला तेलकट बोटही लावू नकोस. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. ब्रेकचे पॅड तेलाने भिजले असतील तर त्यांचा मोह धरू नकोस, बदल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी हे दरवेळी मनात म्हण. आणि ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आहे की डॉट नावाचं दुसरं ब्रेक-तेल, हे लिव्हरवर वाचल्याशिवाय बाटली उघडू नकोस. एकाच्या जागी दुसरं गेलं तर आतली रबरं फुगून ब्रेक निकामी होतो.

बाळ अजून रांगत नाही. रांगायला लागलं की या सगळ्याला कुलूप. चेन जोडायची सुटी कडी (क्विक लिंक), छर्रे, व्हॉल्व्हची टोपी हे सगळं नेमकं तोंडात जाईल अशा मापाचं असतं. धुण्यासाठी पेट्रोल घरात आणू नकोस. गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड यांनी चेन चांगली निघते. आणि फिरत्या डिस्कजवळ मूल कधीही नको. ती पातळ आणि धारदार असते, बोट गेलं तर क्षणात कापतं. आमची लेक दोन वर्षांची झाल्यावर मी तिला एक लांबचं काम दिलं होतं: मी पेडल फिरवायचो, ती दोन हात अंतरावर पाटावर बसून ‘टकटक येतंय’ किंवा ‘नाही येत’ एवढं सांगायची. चेन एका गियरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरची केबल मी तिच्या कानावर लावत गेलो. आज ती गियरच्या आवाजावरून माझ्याआधी सांगते की डिरेलर ज्याला लावलेला असतो तो हँगर वाकलाय. सीटवर बसवून तिला फिरवलं ते वर्षाची झाल्यानंतर, हेल्मेट घालून, सोसायटीच्या सपाट रस्त्यावर, टेकडीवर नाही.

फोटोतल्या त्या सायकलीला काय झालंय ते मला फोटोवरूनच दिसतंय. मागचं पंक्चर बाभळीचं असणार. ट्यूब काढलीस की टायरच्या आतून चिंधी फिरव, काटा चिंधीला अडकेल. नाहीतर नवी ट्यूबही संध्याकाळपर्यंत बसेल. चेन बहुधा गेली. कॅसेट मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं तिथल्या बेअरिंगमध्ये, पावसाचं पाणी गेलं असेल, पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे हलवून बघ, खडखड लागते का.

खंडेनवमीला सकाळी आमच्याकडे ये. तिघंही या. वहिनीने बाळासाठी आतली खोली मोकळी करून ठेवायची ठरवलंय आणि पुरणाचा घाट घातलाय. डॉक्टर आणि बँकवालाही येतायत. कॅसेट काढायचं टूल माझ्याकडे आहे, पट्टी मात्र तुझी आण, अर्धं सूत तूच मोजायचंस. दुपारपर्यंत सायकल उभी करू, पान्यांची पूजा करू, झेंडूचा हार हँडलला घालू. रविवारी पावणेसहाला चढावर भेटायचं की नाही, ते तिला विचारून मला शनिवारी रात्री कळव.

तुझा,
दादा