घरून काही चालू आहे का?

प्रश्न : मी बार्शीची. सोलापुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वॉर्डात दिवसभर इंजेक्शनं, सलाइन आणि रजिस्टरं. पेशंटजवळ दोन मिनिटं बसायलाही मिळत नाही. पुण्यात रेकी, अरोमाथेरपी आणि अ‍ॅक्युप्रेशर मिळून दोन रविवारांचा कोर्स आहे, फी ३८ हजार. माहितीपत्रकात लिहिलंय की हातांनी ऊर्जा देण्याचं तंत्र अमेरिकेतल्या नर्सनीच पुढे आणलं. 'होलिस्टिक नर्स' असं सर्टिफिकेट मिळतं, परदेशात त्याला मागणी आहे म्हणतात. पप्पांचं किराणा दुकान आहे, ते पैसे द्यायला तयार आहेत. दोन हजार टोकन भरलंय. करू का?

उत्तर : नको करूस. एवढंच हवं असेल तर इथे थांबलीस तरी चालेल. पण पेशंटजवळ बसायला मिळत नाही, हे तुझं वाक्य मला फीपेक्षा मोठं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माहितीपत्रकाचं. त्यांनी लिहिलंय ते खोटं नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या नर्सिंगच्या प्राध्यापिका डोलोरेस क्रीगर यांनी डोरा कुन्झ यांच्याबरोबर १९७२ च्या सुमारास 'थेराप्युटिक टच' सुरू केलं. नाव टच, पण पेशंटला हात लावायचा नाही. अंगापासून काही इंचांवरून फिरवायचा आणि ऊर्जा सारखी करायची. खूप नर्सेस ते शिकल्या. पुढची गोष्ट मात्र माहितीपत्रकं सांगत नाहीत. कोलोरॅडोतल्या एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी हे तपासायचं ठरवलं. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा. उपचार करणाऱ्याने पडद्यातून दोन्ही हात पुढे करायचे, तळवे वर. एमिलीने नाणं उडवायचं आणि त्याप्रमाणे आपला हात त्यांच्या डाव्या किंवा उजव्या तळव्यावर धरायचा. कुठल्या हाताला ऊर्जा जाणवते, एवढंच त्यांनी सांगायचं. २१ जण, २८० वेळा. बरोबर आलं १२३ वेळा, म्हणजे ४४ टक्के. नुसतं छापा-काटा म्हणत गेले असते तरी निम्मी उत्तरं बरोबर आली असती! १९९८ मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं. रेकीचं घराणं वेगळं, ती जपानची. पण दावा त्याच जातीचा. घरात कुणी श्रद्धेने देत-घेत असेल तर माझं काही म्हणणं नाही. युनिफॉर्म घालून, पेशंटच्या उशाशी उभं राहून तो दावा करायला माझा विरोध आहे.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीची केमो चालू होती. डे-केअरमध्ये ती किडनी ट्रे तोंडाशी धरून बसलेली. ड्युटीवरची सिस्टर तुझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने आधी ओकारीचं इंजेक्शन दिलं. मग मावशीचा हात उताणा केला, मनगटाच्या घडीपासून कोपराकडे मावशीचीच तीन बोटं आडवी मोजली आणि तिथे, दोऱ्यांसारख्या दोन स्नायुबंधांच्या (टेंडनच्या) मधोमध, अंगठा दाबून धरला. "मळमळलं की इथे दोन-तीन मिनिटं दाबायचं, जमेल ना?" ऑपरेशननंतरच्या मळमळीवर अ‍ॅक्युप्रेशरच्या या बिंदूचा उपयोग होतो याला बरा पुरावा आहे. केमोच्या मळमळीसाठी तो तितका पक्का नाही, आणि म्हणूनच इंजेक्शन आधी होतं.

अंगठा तसाच ठेवून तिने विचारलं, "मावशी, घरून काही चालू आहे का? काढा, चूर्ण, कुणी दिलेली पुडी?" मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून लेबल नसलेली एक प्लास्टिकची डबी काढली. महिनाभर चालू होतं. मला माहीत नव्हतं, डॉक्टरांना तर नव्हतंच. सिस्टर रागावली नाही. किती चमचे, कधीपासून, कशाबरोबर, एवढं विचारून केसपेपरवर लिहिलं आणि डबी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. लिव्हरची तपासणी त्याच दिवशी झाली.

पूरक उपचारांत नर्सचं पहिलं काम हे असं विचारण्याचं आहे. लोक डॉक्टरांपासून लपवतात ते सिस्टरला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेला माणूस कसली कॅप्सूल घेतो, सांधेदुखीच्या बेनाम पुडीत स्टिरॉइड तर नाही ना, हे कळायचं ठिकाण म्हणजे तुझी ती दोन मिनिटं. आणि ती सलाइन लावतानाही मिळतात. मावशीच्या सिस्टरला तरी कुठे जास्त मिळाली होती?

हाताने करायच्या गोष्टींचं म्हणशील, तर त्या तू शिकलीच आहेस. पाठीची मालिश, वाफ, शेक, सिट्झ बाथ म्हणजे कोमट पाण्यात बसवणं, कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी ठेवणारी कांगारू पद्धत. परीक्षेला दहा मार्कांची टीप म्हणून पाठ केलंस, म्हणून ते उपचार वाटत नाहीत. त्यातही जोखीम आहे. डायबेटिसने पाय बधिर झालेल्या माणसाला गरम पाण्याची पिशवी जास्त गरम दिली तर त्याला कळणारही नाही, सकाळी फोड दिसेल. पोटरी एकाएकी सुजली-दुखली असेल तर तिथे मालिश नाही, आत रक्ताची गाठ असू शकते. प्लेटलेट कमी असतील तर दाब नाही. दम्याच्या पेशंटजवळ सुगंधी तेलाची बाटली उघडायची नाही. दोन रविवारांत हे शिकवतील असं वाटतं तुला?

माझी कसोटी साधी आहे. जे नर्सेस नोट्समध्ये वेळ घालून लिहिता येतं आणि राउंडला डॉक्टरांसमोर वाचता येतं, ते करायचं. 'रात्री १०.४०, पाठीला मालिश दहा मिनिटं, वेदना दहापैकी ७ वरून ५, पेशंट झोपला' हे लिहिता येतं. 'ऊर्जा मोकळी केली' हे लिहून बघ. कायद्याचं थोडक्यात सांगते : अ‍ॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आणि नोंदणी आहे, तेव्हा सुई आपली नाही. आणि कॅन्सर, डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या जादुई उपचारांविरुद्धच्या कायद्यात बसते. उद्या या कोर्सवाल्यांनी तुझा फोटो तसल्या पत्रकावर छापला तर अडचणीत तू येशील.

परदेशात आधी नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, वॉर्डातला अनुभव आणि भाषा बघतात. जर्मनीला साधारण बी-टू पातळीचं जर्मन लागतं. 'होलिस्टिक' हा शब्द त्या यादीत कुठेच नाही.

तुझ्यासारख्या मुलीला मी पॅलिएटिव्ह केअर सुचवते, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करणारी शुश्रूषा. औषध आणि जवळ बसणं, दोन्ही तिथे ड्युटीचाच भाग आहे. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. सुट्टीत एकदा परवानगी काढून जाऊन ये. चार तास बघितलंस की आपल्याला झेपेल की नाही ते कळेल. सगळ्यांना झेपत नाही, त्यात कमीपणाही नाही. पुढे रजिस्ट्रेशन झालं, एक-दोन वर्षं वॉर्ड झाला, की कोझिकोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिनसारख्या ठिकाणी नर्सेससाठी सहा आठवड्यांचा पायाभूत कोर्स असतो. मोठं काही करायचं तर ऑन्कॉलॉजी म्हणजे कॅन्सर नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे.

योगाचीच ओढ असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा दे. त्या कागदाला तरी किंमत आहे. निसर्गोपचाराची पदवी साडेपाच वर्षांची, बारावीनंतरची. आता तिकडे वळणं म्हणजे हातातली डिग्री बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या वर्षाला बसणं. मी तरी सांगणार नाही.

टोकनचे दोन हजार मागून बघ. देणार नाहीत बहुतेक. पप्पांना सांग, दोनच गेले, छत्तीस राहिले. जर्मनच्या क्लासची फी त्यातून भरता येईल.