गोळ्या ठेवता कुठे, हे आधी विचार

अगं,

परवा तू फोनवर सांगत होतीस ते दादरच्या गर्दीत मला धड ऐकूच आलं नाही, म्हणून लिहून पाठवतेय. एवढं कळलं की तुझ्या सेंटरला येणाऱ्या माण तालुक्यातल्या त्या बाईंचे एचआयव्हीच्या गोळ्यांचे डोस चुकलेत, तू विचारलंस 'गोळ्या का नाही घेतल्या' आणि त्या मान खाली घालून बसल्या. बसणारच गं! हा सासूच्या तोंडचा प्रश्न आहे. 'गोळ्या ठेवता कुठे' असं विचारून बघ.

मला एकीने सांगितलेलं, डबी हलली की खुळखुळते म्हणून आत कापूस कोंबायचा आणि तांदळाच्या डब्यात तळाशी पुरायची. जत्रेला पाहुणे आले, स्वयंपाकघर जावांच्या ताब्यात गेलं की चार दिवस त्या डब्याला हात लावायची सोय नाही. आणि आपण कार्डावर लिहून मोकळे, पेशंट निष्काळजी. मीही लिहिलंय तसं, खोटं कशाला बोलू.

रोज एकच गोळी, २००४ पासून सरकारी सेंटरला फुकट मिळते, नीट घेतली आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, तपासणीत सापडण्याइतका उरला नाही की शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे तू छान समजावतेस. पण घरी काय चाललंय? नवरा इथे मुंबईत माथाडी, आजार त्याच्याकडून आला, तो गेला आणि 'नवऱ्याला खाल्लं' हे हिच्या कपाळी. ताटवाटी वेगळी. खुरपायला मात्र हिचेच हात चालतात, तेव्हा कुणाला काही लागत नाही!

वारसनोंद झाली का, हेही विचार. 'तू किती दिवसांची, सातबाऱ्यावर नाव कशाला' असं दीर बोलून जातो आणि हिलाही ते पटतं. नवऱ्याच्या वाट्यात बायको वारस आहेच, शिवाय २०१७ चा एचआयव्ही कायदा, २०१८ च्या सप्टेंबरात लागू झाला तो, त्यानुसार राहत्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही. पण लगेच भांडायला पाठवू नको हं, माहेरचं कोण पाठीशी उभं राहील ते आधी बघ, नाहीतर कायदा आपल्या फाइलीत आणि बाई रस्त्यावर.

फोन करताना सेंटरचं नाव घेऊ नको, मोबाइल बऱ्याचदा पोराकडे नाहीतर दिराकडे असतो. कोण बोलतंय म्हणून सांगायचं ते तिच्याशीच ठरवून ठेव.

आणि 'गावाजवळच्या सेंटरला ट्रान्सफर घ्या, खर्च वाचेल' हा आग्रह नको. एसटीला बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे तरी परवडत नाही, मला माहितीये, पण तिकडे खिडकीवर बसलेला भावकीतला निघाला तर? त्या भीतीनेच ती रात्रभर बसून मुंबईला येते.

पुढच्या वेळी आल्या की आधी चहा सांग, आणि परतीची गाडी किती वाजता ते विचारून घे.

तुझी,
ताई