सक्तीची प्रार्थना आणि आपली देणगी

प्रश्न : आदिवासी मुलांच्या एका वसतिगृहाला मी दरवर्षी देणगी देतो. तेथील जेवण, अभ्यास आणि औषधपाणी यांची व्यवस्था खरोखर चांगली आहे. यंदा भेटीस गेलो तेव्हा कळले की संस्थेच्या धर्माची सायंप्रार्थना सर्व मुलांना सक्तीची आहे, मग घरची श्रद्धा कोणतीही असो. देणगी थांबवावी काय? — एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : आपण धर्माचे नाव लिहिले नाही, हे मला आवडले, कारण उत्तर कोणत्याही धर्माच्या संस्थेला सारखेच लागू आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घेऊ. रमाबाईंनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता; तरी १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत सुरू केलेले शारदा सदन, म्हणजे मुख्यतः हिंदू विधवांसाठीची निवासी शाळा, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. पुढे संस्था पुण्यात आल्यावर मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हे समाजसुधारक संस्थेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. काही पालकांनी मुली काढून नेल्या. तो वाद कटू होता, तरी त्या मुलींना परत नेणारे कोणी तरी होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून पुण्याजवळच्या केडगावला आणलेल्या अनेक मुलींना मात्र परतायला घरच उरले नव्हते. रमाबाईंनी त्यांचे प्राण वाचवले, त्यांची श्रद्धाही निर्मळ होती आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. पण ज्याला दुसरा आसराच नाही, त्याचा होकार किती स्वतंत्र मानायचा, हा प्रश्न त्या आदराने सुटत नाही.

आपल्या वसतिगृहातील मुलांचीही स्थिती तशीच आहे. सेवा करणाऱ्याने आपली श्रद्धा लपवावी असे मी म्हणणार नाही. प्रौढ माणसाने विचारले तर ती त्याने मोकळेपणाने सांगावी. परंतु संस्था शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्था असेल, किंवा वसतिगृह अशा संस्थेच्या आवारात असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीवाचून उपासनेला बसवता येत नाही. ही संमती प्रवेश-अर्जावरच्या अंगठ्यापुरती नसावी.

देणगी लगेच थांबवू नका, कारण त्याची झळ प्रथम मुलांच्या ताटाला बसेल. संस्थेला पत्र लिहून विचारा : पालकांना त्यांच्या भाषेत हे सांगितले आहे काय, आणि प्रार्थनेला न बसणाऱ्या मुलाची जागा पुढच्या वर्षीही कायम राहील काय? याचे लेखी उत्तर टाळले गेले, तर पुढील वर्षीची रक्कम अशी अट न घालणाऱ्या वसतिगृहाला द्या आणि त्याचे कारण या संस्थेला कळवा.