सामन्याच्या दिवशी पडदे ओढून बसणाऱ्या ताईंस

ताई, आपल्या चार पानी पत्रात पाच प्रश्न आहेत. त्यांपैकी चारांची उत्तरे मी शेवटी चार-सहा ओळींत उरकणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. उरलेला एक मात्र मी धरून बसणार आहे. या विषयावर मी बोलू लागले की आमच्या घरची मंडळी हळूच उठून दुसऱ्या खोलीत जातात, ही गोष्ट वेगळी.

आपण लिहिता : "आमचे घर फुटबॉलच्या मैदानापासून दहा मिनिटांवर आहे. सामन्याच्या दिवशी सकाळी अकरापासून कोपऱ्यावरच्या पबसमोर माणसे जमू लागतात. दुपारपर्यंत गाणी, शिव्या, आरडाओरडा. मी पुढचे दार लावून पडदे ओढून घेते. आणि आता आमचाच मुलगा, साडेसोळा वर्षांचा, त्या लोकांत मिसळू लागला आहे. बाहेरगावच्या सामन्यांनाही जायचे म्हणतो. आम्ही साफ मनाई केली आहे. आपल्या माणसांनी असल्या ठिकाणी जायचेच कशाला?"

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण दुखणे तिथेच आहे. दंगा करतात ते 'हे लोक', आणि 'आपली माणसे' म्हणजे घरात बसून शांतपणे धावफलक पाहणारी सज्जन मंडळी, अशी आपली सर्वांची एक सोयीची समजूत आहे. १३ मार्च १९९६ आठवते का? ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना होता, श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना आपली अवस्था ८ बाद १२० झाली, मैदानात बाटल्या आल्या, प्रेक्षकांत जाळपोळ झाली आणि सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला. नाबाद राहिलेला विनोद कांबळी रडत परतला, ते दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले. तीन वर्षांनी त्याच मैदानावर, पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत सचिन धावबाद झाला तेव्हा त्याला स्वतः बाहेर येऊन लोकांना शांत करावे लागले, आणि अखेरीस सामना रिकाम्या स्टेडियममध्ये संपवावा लागला. तिथे कोपऱ्यावर पब नव्हता आणि गर्दीत इंग्रजही नव्हते.

आणि ते तिकडचे झाले म्हणावे, तर २८ ऑगस्ट २०२२ला दुबईत भारताने पाकिस्तानला हरवले त्या रात्री इथे इंग्लंडात, लेस्टर शहराच्या बेलग्रेव्ह भागात, जल्लोषाला जमलेल्या तरुणांची बाचाबाची झाली, ते प्रकरण तीन आठवडे धुमसत राहिले, आणि १७ सप्टेंबरला हिंदू आणि मुसलमान तरुणांचे जमाव रस्त्यावर समोरासमोर उभे राहिले. त्या मुलांच्या आयाही आपल्यासारख्याच म्हणत असतील, की आमचा मुलगा असल्या ठिकाणी जात नाही.

आपल्या भीतीला आधार नाही असे मी म्हणत नाही. मी १९८४ साली लग्न होऊन इंग्लंडात आले तेव्हा आमचे भावजी दर शनिवारी मैदानावर जात, आणि कातडीच्या रंगावरून त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागे ते घरी सांगत नसत. पुढच्याच वर्षीचा मे महिना मी विसरणार नाही. ११ तारखेला ब्रॅडफर्डला फुटबॉल मैदानातला लाकडी स्टँड पेटून ५६ माणसे गेली, आणि २९ तारखेला ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर, लिव्हरपूल आणि इटलीच्या युव्हेंटसमधील युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्याआधी, चाल करून आलेल्या लिव्हरपूलच्या समर्थकांपासून मागे सरताना चेंगरून आणि भिंत कोसळून ३९ माणसे गेली. इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली. त्या दिवसांत मीही पडदे ओढत होते.

पण पडद्याआडून काय दिसते तेही सांगते. १५ एप्रिल १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या सामन्यात चेंगराचेंगरी झाली. मृतांचा आकडा आज ९७ आहे. त्या आठवड्यात आमच्या घरात एकमत होते की दारुड्यांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतले. वर्तमानपत्रही तेच छापत होते आणि पोलीसही तेच सांगत होते. त्यावर सर्वांत ठाम मत माझे होते, कारण मी कधी मैदानाच्या जवळून गेलेले नव्हते. भावजी एवढेच म्हणाले, "वहिनी, मी तसल्या कुंपण घातलेल्या भागात उभा राहिलो आहे. पुढचा माणूस चिरडतो आहे हे मागच्याला कळतच नाही." मी ऐकले नाही. २०१६ साली ज्यूरीने निकाल दिला, की त्या माणसांचा मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे झाला आणि समर्थकांच्या वर्तनाचा त्यात दोष नव्हता. पोलिसांनी दार उघडून आधीच भरलेल्या भागात माणसे सोडली होती. तोपर्यंत सत्तावीस वर्षे गेली होती. भावजींची क्षमा मी मागितली, पण किती उशिरा!

तर ताई, माझे म्हणणे एका वाक्यात असे आहे : मनाई उठवा, आणि निदान एकदा त्याच्याबरोबर स्वतः जा. पबपासून मैदानापर्यंत आणि मैदानापासून स्टेशनापर्यंत.

हे मी शहाणपणातून सांगत नाही, फजितीतून सांगते. माझ्या मुलालाही मी त्याच वयात साफ मनाई केली होती. तो 'ग्रंथालयात जातो' म्हणून निघाला आणि मित्रांबरोबर दीडशे मैलांवरच्या सामन्याला गेला. सामना संपल्यावर दोन्ही बाजूंच्या काही टोळक्यांची जुंपली. पोलिसांनी बाहेरगावच्या सगळ्यांनाच एका रस्त्यात रोखून धरले, दोन तास. पाऊस पडत होता. आमच्या चिरंजिवांनी काहीही केलेले नव्हते, पण शेवटची गाडी गेली होती आणि खिशात मोबाईल होता. त्याने फोन कुणाला केला? काकूला. भावजी रात्री गाडी घेऊन गेले आणि त्याला घेऊन आले. मला हे तीन आठवड्यांनी कळले. मी संतापून विचारले, मला का नाही सांगितलेस? तो म्हणाला, "आई, पोलीस फक्त उभे होते. तू ओरडली असतीस."

पुढच्या सामन्याला मी गेले. भावजी, मुलगा आणि थंडीत शाल गुंडाळलेली मी. पबच्या दारावर बाउन्सरने आधी तिकिटे पाहिली, कारण तो पब फक्त घरच्या संघाच्या समर्थकांसाठी होता. मग माझ्याकडे पाहून त्याने एक खुर्ची मोकळी करवून दिली. सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकचे ग्लास होते, काचेचा एकही नाही. पायाखालचा गालिचा बिअरने इतका चिकट झाला होता की चप्पल उचलताना आवाज येत असे. (बूट घालून या, असे भावजींनी बजावले होते.) गाण्यांतल्या शिव्या मला निम्म्याच कळल्या. पण अर्ध्या तासात एक गोष्ट लक्षात आली, की मोठ्याने गाणारा जाडजूड माणूस, अंगावर संघाचा शर्ट, गालावर रंग, हा भिण्याचा माणूस नाही. मुलाने कोपऱ्याकडे डोळ्यांनी खूण केली. तिथे सहा-सात जण उभे होते, महागडी जॅकिटे, संघाचा रंग कुठेच नाही, गाणे नाही, नजर दाराकडे. तो म्हणाला, "त्यांच्याकडे बघू नकोस. ते सामना बघायला आलेले नसतात." सोळा वर्षांच्या पोराला जे दिसत होते, ते वीस वर्षे इथे राहून मला ठाऊक नव्हते.

दुसरे लक्षात आले ते घड्याळ. सामना तीनचा होता. अडीच वाजता पब पाच मिनिटांत रिकामा झाला, त्याआधीच्या अर्ध्या तासात मात्र माणसे पाणी प्यावे तशी बिअर पीत होती. कारण विचारल्यावर भावजींनी सांगितले, की १९८५च्या कायद्याने फुटबॉलच्या मैदानात खेळ दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही, म्हणून जे काही प्यायचे ते आधी. तेव्हापासून मी आयांना सांगत आले आहे, की मुलाला 'कोणाबरोबर' जातोस हे विचारण्याआधी 'सामना किती वाजता' हे विचारा. दुपारी साडेबाराच्या सामन्याआधी प्यायला वेळच नसतो. ११ जुलै २०२१ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर युरोचा, म्हणजे युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेचा, अंतिम सामना रात्री आठ वाजता होता आणि माणसे सकाळपासून पीत होती. त्या दिवसाच्या गोंधळाची चौकशी करणाऱ्या केसी अहवालानुसार सुमारे दोन हजार लोक तिकिटाशिवाय आत घुसले. तशा दिवशी मीसुद्धा मुलाला घरीच बस म्हणाले असते, आणि त्याने ऐकलेही असते, कारण एव्हाना त्याला कळले होते की आईला यातले काही समजते.

आता थोडे रागावते. आपण लिहिता, "यजमानांना शनिवारी वेळ नसतो, आणि त्यांना फुटबॉल आवडतही नाही." मुलावर पाळत ठेवायला, त्याच्या मित्रांच्या घरी फोन करायला आणि त्याच्या खोलीत त्याच्या पश्चात शोध घ्यायला (हेही आपणच लिहिले आहे) त्यांना वेळ मिळतो. मग तीन तास मैदानावर बसायला का मिळू नये? आवडण्याचा प्रश्नच नाही. मला आजही ऑफसाइड नीट सांगता येत नाही.

प्रथम घरच्या मैदानावर जा, कुटुंबांसाठी राखलेल्या भागातील तिकिटे घ्या. बाहेरगावी जायचे तर पहिल्या खेपेला क्लबच्या समर्थकांसाठी ठरवलेल्या बसनेच जाऊ द्या. तिथे पाहुण्या संघाच्या समर्थकांची बसण्याची जागा वेगळी असते, प्रीमियर लीगमध्ये (इंग्लंडातली सर्वांत वरची लीग) साधारण तीन हजार किंवा मैदानाच्या दहा टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढी. आणि कधीकधी सामन्यानंतर त्यांना काही मिनिटे आतच थांबवून ठेवतात. तो उशिरा घरी आला म्हणजे काहीतरी घडले, असे धरून चालू नका. यजमानी संघाच्या पबमध्ये पाहुण्या संघाचा शर्ट घालून जायचे नाही, हे त्याला माहीत असेलच, पण त्याच्याच तोंडून आपण ऐकून घ्या.

आणि कायदा त्याच्यासमोर बसून, न ओरडता, नीट सांगा. आपण लिहिता की मित्राचा मोठा भाऊ या मुलांना पबमध्ये बिअर घेऊन देतो. अठराखालच्या मुलासाठी दारू विकत घेणे हा त्या भावाचा गुन्हा आहे. टेबलावर जेवताना सोबतच्या प्रौढाने सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला बिअर घेऊन देणे एवढीच काय ती सवलत, आणि सामन्याच्या गर्दीत तिचा काही संबंध नाही. फोटोंसाठी ही मुले जी धुराची नळकांडी पेटवतात, ती मैदानात नेणे हाही गुन्हाच. आनंदाच्या भरात मैदानात धाव घेणे हा १९९१च्या कायद्याने गुन्हा. शिक्षा झाली तर न्यायालय फुटबॉलबंदीचा आदेश काढू शकते, तो किमान तीन आणि कमाल दहा वर्षांचा असतो, आणि परदेशात मोठे सामने असतील तेव्हा पासपोर्ट जमा करावा लागू शकतो. आपल्यासारख्यांना यातली खरी मेख सांगायला नकोच : आपल्या पत्रात आहे की नुकतीच कायम वास्तव्याची परवानगी मिळाली आहे, नागरिकत्वाचा अर्ज पुढच्या वर्षी. त्या अर्जात चांगल्या वर्तणुकीची अट दहा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागू असते. इतकी वर्षे फॉर्म भरून हाताला घट्टे पडलेल्या आपल्या लोकांना एका धुराच्या नळकांड्याची किंमत वेगळी मोजावी लागते, हे मुलाच्या इंग्रज मित्राला कळणार नाही. आपल्या मुलाला कळेल. त्याने ते फॉर्म पाहिले आहेत.

एक गोष्ट मात्र त्याला लेखी दिल्यासारखी द्या. कुठूनही, कितीही वाजता, कोणत्याही अवस्थेत फोन केलास तर मी गाडी घेऊन येईन, आणि घरी पोहोचेपर्यंत एक शब्दही बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी बोला, हवे तेवढे बोला. माझ्या मुलाने हे वचन तीनदा वापरले. दुसऱ्या खेपेला मी वाटेतच बोलले, तर तिसऱ्यांदा त्याने पुन्हा काकूलाच फोन केला.

उरलेले प्रश्न. कुंपणापाशी लघवी करणाऱ्यांचे वेळेसह फोटो काढून क्लबला आणि कौन्सिलला, दोघांनाही पाठवा. मैदानाचे सुरक्षा प्रमाणपत्र कौन्सिल देते, त्यामुळे क्लबला त्या पत्राची दखल घ्यावी लागते. परीक्षेतील गुण शनिवारच्या तीन तासांमुळे घसरलेले नाहीत, आपण जरा त्याच्या रात्रीच्या फोनकडे पाहा. मराठी मंडळातील ज्या वहिनींनी त्याला पबबाहेर पाहिले आणि सर्वांना सांगितले, त्या स्वतः तिथे काय करत होत्या, हे एकदा गोड बोलून विचारा.

आणि सासूबाई जूनमध्ये येणार, त्यांना हा गोंधळ सहन होणार नाही, ही आपली शेवटची काळजी. लीगचा हंगाम ऑगस्टला सुरू होऊन मे महिन्यात संपतो, तेव्हा जूनमध्ये आपल्या रस्त्यावर चिटपाखरू नसेल. विश्वचषकाचे किंवा युरोचे वर्ष असेल तर मात्र कोपऱ्यावरचा पब भर जूनमध्येही भरेल. तेव्हा सासूबाईंची तिकिटे काढण्याआधी तेवढे पाहून घ्या.