बॅजमधल्या चकतीत हिशेब साठतो कुठे?

प्रश्न : माझी मुलगी मिरजेतल्या एका इस्पितळात एक्स-रे तंत्रज्ञ आहे. ड्यूटीवर ती छातीला एक बॅज लावते. त्यात ना बॅटरी, ना तार. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो. तिथे आतल्या चकत्या तापवून अंगावर किती किरण पडले ते सांगतात म्हणे. निर्जीव चकतीत हा हिशेब राहतो कुठे? आणि बॅज उन्हात ठेवू नका असं का सांगतात?
– एक वाचक, मिरज

उत्तर : हिशेब राहतो स्फटिकातल्या उणिवांमध्ये. निर्दोष स्फटिक या कामाला अगदी निरुपयोगी! सांगलीत इतकी वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण या गोष्टीचं नवल अजून ओसरलेलं नाही.

आपल्याकडच्या बॅजमध्ये सहसा डिस्प्रोशियम हा धातू किंचित मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. पण आतली घडामोड समजायला मला ॲल्युमिनियम ऑक्साइड आवडतं, कारण त्यातल्या उणिवेवर नेमकं बोट ठेवता येतं. माणकाचा मूळ पदार्थ हाच. कार्बनच्या सान्निध्यात आणि ऑक्सिजन फार कमी ठेवून हा स्फटिक वाढवला, की त्याच्या अणूंच्या जाळीतले काही ऑक्सिजन अणू जागा सोडून जातात. त्या मोकळ्या जागेत दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात. क्ष-किरण शिरले की इलेक्ट्रॉन सुटून स्फटिकभर फिरतात. बरेचसे लगेच परततात, काही दुसऱ्याच उणिवांच्या सापळ्यांत अडकतात. मग कित्येक मोकळ्या जागांत दोनाऐवजी एकच इलेक्ट्रॉन उरतो. जितके किरण जास्त, तितके अडकलेले जास्त.

ते तीन महिने टिकतात कसे? कृष्णेचा पूर ओसरला तरी मळीतल्या खोलगट जागी पाणी साचून राहतं. उथळ जागा आधी सुकतात, खोल टिकतात. कामाच्या सापळ्याची खोली, म्हणजे त्यातून सुटायला लागणारी ऊर्जा, सुमारे १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एक चिमुकलं एकक). खोलीच्या तापमानाला अणूंच्या थरथरीतून मिळणारी ऊर्जा ०.०२५ च्या आसपास, म्हणजे जेमतेम पन्नासावा हिस्सा. एवढ्यावर इलेक्ट्रॉन वर चढत नाही. चकती साधारण १९० अंशांपर्यंत तापवली की मात्र तो सुटतो, एकाच इलेक्ट्रॉनवर राहिलेल्या मोकळ्या जागेत येऊन पडतो आणि उरलेली ऊर्जा ४२० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात बाहेर टाकतो. तो प्रकाश मोजला की मात्रा कळते.

फ्लोराइटचा नैसर्गिक खडा अंधारात तापवून मी वर्गात दाखवायचो. खडा उजळायचा, मुलं ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणायची. पण तोच खडा परत तापवला की अंधारच. सापळे रिकामे झालेले असतात. चकतीचंही तसंच: वाचली की पुसली.

आता उन्हाचं. ॲल्युमिनियम ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन नुसत्या प्रकाशानेही सुटतात, त्यामुळे नोंद विरते. कॅल्शियम सल्फेट त्यामानाने सोशिक, तरी ऊन आणि उष्णता टाळावीच.

मुलीला एक आवर्जून सांगा. बॅज शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर हवा. एप्रनला लावलेलाच एक्स-रे खोलीत राहिला, तर ती घरी असताना पडलेले किरणही तिच्याच नावावर चढतील. आणि कपाटात राहिला, तर तिच्या अंगावर पडलेले किरण कुठेच नोंदले जाणार नाहीत. कायद्याने वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची (हे किरणांच्या मात्रेचं एकक) मर्यादा आहे, पाच वर्षांची सरासरी धरून. कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. दर तिमाहीचा अहवाल मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.