वाचकांचे प्रश्न : म्हातारं पिस्तूल, तरुण गिऱ्हाईक

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्या ऑफिसातल्या मित्राने मध्यंतरी '१९११' नावाचं पिस्तूल घेतलं. मुलगा म्हणाला शंभर वर्षांहून जुनं डिझाइन, गोळ्या फक्त सात, वजन किलोच्या वर, आणि शेजारच्याच शेल्फवर सतरा गोळ्यांचं हलकं नवीन पिस्तूल होतं तरी पठ्ठ्याने हेच उचललं. मग हे जुन्याचं वेड आहे की खरंच त्यात काही आहे?

उत्तर : दोन्ही आहे, पण वेडाचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे.

आधी नावाचं सांगतो. जॉन मोझेस ब्राउनिंग नावाचा एक अफाट माणूस, युटामधल्या ऑग्डेन गावचा, बापही बंदुकाच बनवायचा. त्याने हे पिस्तूल बनवलं, कोल्ट कंपनीने काढलं आणि २९ मार्च १९११ ला अमेरिकन लष्कराने घेतलं, म्हणून एम १९११. त्या आधीच्या चाचणीत सहा हजार गोळ्या झाडल्या, तापलं की पाण्यात बुडवायचे आणि परत सुरू. कोल्ट एकदाही अडकलं नाही, समोरचं, स्पर्धेतल्या सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडकलं. मग काय, विषयच संपला. १९८५ मध्ये ९ मिलिमीटरचं बेरेटा येईपर्यंत, म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षं, लष्कराचं मुख्य पिस्तूल हेच होतं.

ह्या पिस्तुलाची मूळ गोळी .४५ ची, म्हणजे साधारण ०.४५ इंच जाडीची (.३८, .४० हेही असेच इंचातले आकडे). आता '.४५ ची गोळी लागली की माणूस उडून पडतो' वगैरे जे ऐकायला मिळतं ना, ते आधी बाजूला ठेवू. त्याचं मूळ फिलिपिन्सच्या लढाईत आहे, तिथे मोरो लढवय्ये .३८ च्या गोळ्या खाऊनही अंगावर धावून येत राहिले, म्हणून लष्कराने मोठी गोळी मागितली. गोळी मोठी आहेच, जवळपास पंधरा ग्रॅमची, सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास वेगाने जाणारी. पण माणूस उडून पडायचा असेल तर त्याच न्यायाने झाडणाराही उडायला हवा! आजच्या चांगल्या ९ मिलिमीटरच्या गोळ्यांपुढे हा फरक फार उरलेला नाही, एफबीआय सुद्धा .४० वरून परत ९ वर आली. आणि गंमत म्हणजे आता लोक १९११ पण ९ मिलिमीटरमध्ये घेतात, म्हणजे गोळी सोडली पण पिस्तूल नाही सोडलं. यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं.

उरलेलं अर्धं म्हणजे ट्रिगर. बहुतेक पिस्तुलांचा चाप वरच्या खिळीवर झुलतो, दाराच्या बिजागरीसारखा. १९११ चा चाप झुलतच नाही, कपाटाच्या ड्रॉवरसारखा सरळ मागे सरकतो. घोडा आधीच मागे ओढलेला असल्यामुळे चापाला घोडा उचलायचं काम नसतं, नुसतं सोडायचं असतं. त्यामुळे अंतर अगदी थोडं, दाब दर वेळी तोच, आणि सुटतो तो काचेची काडी मोडल्यासारखा, कट्, संपलं. गोळी सुटायच्या क्षणी बोट जितकं कमी हलेल तितका नेम कमी बिघडतो, एवढं साधं गणित आहे. मी पहिल्यांदा झाडलं तेव्हा माझा नेम आहे त्यापेक्षा बराच चांगला वाटला, आणि मी काही नेमबाज वगैरे नाही.

दुसरं म्हणजे मूठ. गोळ्या एकाच रांगेत, म्हणून मूठ पातळ आणि चपटी, लहान हातातही नीट बसते. सात गोळ्यांबद्दल लोक नाकं मुरडतात पण ही मूठ त्या सातांमुळेच मिळते. वजनाचंही तसंच, कमरेला दिवसभर लावून फिरायचं तर शिक्षा आहे, पण रेंजवर तेच लोखंड धक्का गिळतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मालक लोक कबूल करतात पण जरा लाजत, ती म्हणजे ह्याच्याशी खेळत बसता येतं. माझा अमेरिकेतला एक म्हातारा शेजारी होता, निवृत्त मेकॅनिक. एकदा त्याच्या किचन टेबलवर त्याने मला त्याचं १९११ खोलायला दिलं (आधी मॅगझीन म्हणजे मुठीतली गोळ्यांची डबी काढून, चेंबर म्हणजे नळीतली गोळी बसायची जागा रिकामी आहे हे स्वतः बोट घालून दोनदा बघून, मग मलाही बघायला लावून). नळीच्या तोंडाशी एक बुशिंग, म्हणजे नळीभोवतीचं कडं असतं, त्याच्या खाली स्प्रिंग आणि तिच्यावर छोटी टोपी. बुशिंग फिरवताना टोपीवर अंगठा दाबून ठेवायचा हे त्याने सांगितलं होतं, मी ठेवला नाही, टोपी सुटली ती सरळ छताला लागून फ्रिजमागे गेली आणि पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं जमिनीवर टॉर्च घेऊन. परत जोडताना स्लाइड स्टॉप (स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, तो अडवणारा खटका) जागेवर बसवायला गेलो आणि चकचकीत फ्रेमवर अर्धगोल ओरखडा काढून ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हसला, म्हणाला त्या ओरखड्याला नावच आहे, 'इडियट स्क्रॅच', आणि बोटाने त्याखालचा जुना ओरखडा दाखवला, तो त्याचा स्वतःचा.

आता तोटेही सांगायलाच हवेत नाहीतर मुलाचा मित्र खूष होईल आणि तुम्ही फसाल. हे डिझाइन अशा काळातलं आहे जेव्हा कारखान्यात कुशल हात स्वस्त होते, एकेक भाग कानशीने घासून बसवायचा. आज तसं केलं की किंमत वाढते, नाही केलं तर काही पिस्तुलं कुरकुरतात, मॅगझीन बदललं की रुसतात. मूळ बनावट गोल नाकाच्या गोळीसाठी होती, त्यामुळे पोकळ टोकाच्या गोळ्या काही जुन्यांमध्ये अडकतात. ज्याला फक्त चालणारं हत्यार हवं, तेल-बिल घालायचा कंटाळा आहे, त्याने नवीन प्लॅस्टिकच्या फ्रेमवालं घ्यावं, मी बिनधास्त सांगेन. पण त्या नव्या पिस्तुलातही गोळी सुटल्यावर नळी आणि स्लाइड जरा एकत्र मागे जातात आणि मग नळीचा मागचा भाग खाली झुकून सुटा होतो, ती युक्ती ब्राउनिंगचीच, फक्त नळी खाली ओढणाऱ्या त्याच्या छोट्या कडीच्या जागी आता तिरका खाचा असतो.

प्रश्न : ह्या पिस्तुलाचा घोडा मागे ओढलेला ठेवून लोक कमरेला लावतात, फोटोत बघूनच पोटात गोळा आला. हे सुरक्षित कसं?

उत्तर : दिसतं भयंकर, मान्य. पण दोन कुलुपं आहेत. एक अंगठ्याचा खटका, तो वर केला की घोडा आणि स्लाइड दोन्ही जाम. ब्राउनिंगच्या १९१० च्या नमुन्यात तो नव्हता, घोडदळासाठी बसवला, कारण एका हातात लगाम असताना दुसऱ्या एकाच हाताने पिस्तूल सुरक्षित करता यायला हवं. दुसरं मुठीच्या मागे, हाताने नीट पकडल्याशिवाय चाप मागे जातच नाही. १९८३ पासून कोल्टने सिरीज ८० मध्ये तिसरंही घातलं, चाप दाबेपर्यंत फायरिंग पिनच (गोळीच्या बुडावर आपटून ती पेटवणारी सुई) अडवून धरणारं, म्हणजे पडलं तरी पिन पुढे जाणार नाही. त्यावरून जुन्या लोकांची कुरकुर अजून चालू आहे की ट्रिगर खराब झाला म्हणून, मला तरी बोटाला फरक कळला नाही. पण अंगठ्याचा खटका खाली करायचा विसरणारा किंवा नको तेव्हा खाली करणारा माणूस असेल तर कुठलंच कुलूप कामाचं नाही, त्यामुळे सराव नसेल तर हे पिस्तूल असं बाळगू नये.

प्रश्न : कोल्टचं तेवढं अस्सल आणि बाकीच्यांची नक्कल, असं म्हणतात ते खरं का?

उत्तर : नाही हो. दुसऱ्या महायुद्धात सगळ्यात जास्त १९११ए१ (१९११ चीच सुधारलेली आवृत्ती) बनवली टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने, नऊ लाखांच्या आसपास, कोल्टपेक्षा जास्त. रेल्वे सिग्नल बनवणाऱ्या कंपनीनेही बनवली. पेटंट कधीच संपलंय त्यामुळे आज कोणीही बनवू शकतं, आणि स्वस्तातली बरीचशी येतात ती फिलिपिन्समधून, जिथल्या लढाईमुळे .४५ चा हट्ट सुरू झाला तिथूनच! संग्राहक मात्र शिवणयंत्रवाल्या सिंगरच्या मागे वेडे असतात कारण त्यांनी फक्त पाचशे बनवली. त्यामुळे सिंगरचं स्वस्तात मिळतंय असं कोणी सांगितलं तर भिंग घेऊन बसा आणि ते नाव नंतर कोरलेलं नाही ना ते आधी बघा.